स्टेंटची ‘कल्हई’

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई का करतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नाहीतर आमटी कळकते. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटचा इतिहासही काहीसा असाच आहे. धातूच्या या बारीक नळीवर थर कसला द्यायचा, हा प्रश्न डॉक्टरांना बरीच वर्षे पडला होता.

१९७७ साली झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केली. पण फुगा काढल्यावर काही रुग्णांची वाहिनी पुन्हा मिटायची. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे डॉ. जाक प्युएल यांनी आत धातूची जाळीदार नळी बसवली. तोच स्टेंट. वाहिनी उघडी राहू लागली, पण उघड्या धातूवर रक्त गोठण्याचा धोका आला.

मग थर देऊन पाहिले गेले. सोन्याचा मुलामा दिलेल्या स्टेंटमध्ये वाहिनी उलट जास्त वेळा अरुंद झाली. सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचा अतिशय पातळ थर त्यापेक्षा उपयोगी वाटला. रक्तातले फायब्रिनोजेन हे प्रथिन धातूला भिडले की गुठळीची सुरुवात होऊ शकते. हा थर ते रोखतो. पण वाहिनीच्या जखमेवर पेशी वाढून ती पुन्हा अरुंद होते, त्यावर हा उपाय पुरेसा नव्हता.

त्यासाठी औषध लागले. डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात डॉ. एदुआर्दो सोझा यांनी सिरोलिमस हे औषध हळूहळू सोडणारे स्टेंट रुग्णांना बसवले. आज काही स्टेंटना खाली सिरॅमिकचा आणि वर औषधाचा, असे दोन्ही थर असतात.

पण हेच औषध स्टेंटवर चढणारे शरीराचे स्वतःचे अस्तरही सावकाश वाढू देते. खरी कल्हई म्हणजे हे अस्तर. ते पूर्ण होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या गुठळीपासून तुमचे रक्षण करतात.

म्हणून ‘आता बरे वाटतेय’, ‘दात काढायचाय’ अशा कारणांनी या गोळ्या परस्पर बंद करू नका. अचानक गुठळी झाली तर जिवावर बेतू शकते. दोन्ही गोळ्या किती महिने घ्यायच्या, हे प्रत्येकासाठी वेगळे असते. ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा.