एकसष्ट साली इथे पाणी आलं नव्हतं

पुण्यात कुठल्याही घराच्या संदर्भात पुराचा विषय काढा, जुनं माणूस हमखास एकच प्रश्न विचारतं: एकसष्ट साली तिथे पाणी आलं होतं का? आमच्याकडेही तेच झालं. सहकारनगरच्या बाजूला आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट आहे. त्याचा पुरापासून विमा काढावा का, असं मी विचारलं आणि दादाचं उत्तर तयार. "पानशेतच्या वेळी इथे टिपूस नव्हता. कशाला पैसे घालवतेस?"

आता दादाशी वाद घालायचा तर आधी एकसष्टचं प्रकरण नीट बघायला हवं.

१२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं झालेलंही नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं होतं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यावर आला. एकोणिसाव्या शतकातल्या त्या दगडी धरणाने काही तास तग धरला आणि मग तेही गेलं. ते काही तास मिळाले आणि दिवसाउजेडी मिळाले म्हणून असंख्य लोक वाचले. रात्री झालं असतं तर काय, ही कल्पनाच नको. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार... नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले. मातीच्या भिंती, त्या पाण्यात किती टिकणार? शिवाय खडकवासला गेल्यामुळे पुरातून वाचलेल्या शहराला प्यायला पाणी नाही, ही आणखी एक गंमत.

पण मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. घरं गेलेल्यांना सरकारने नदीपासून लांब जागा दिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. त्यातल्या अनेकांच्या जागेच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे कित्येक दशकं चालू राहिला. ज्यांचा वाडा वाहून गेला त्यांची नातवंडं मालकीच्या कागदासाठी खेटे घालत होती. मदत मिळाली नाही असं नाही. पण मदत ही देणाऱ्याच्या सवडीने आणि अटींवर मिळते. मला विमा हवासा वाटतो तो याचमुळे. तिथे निदान करार असतो, भांडायला कागद असतो.

दादाचा मुद्दा मात्र उरतोच. पूरग्रस्तांना आणून बसवलेला हा भाग, म्हणजे सुरक्षितच असणार ना?

तर इथे आंबील ओढा येतो. कात्रजच्या डोंगरातून निघून तो मुठेला मिळतो. पूर्वी तो थेट जुन्या शहरातून वाहायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला. पुण्यातल्या बहुतेकांच्या लेखी तो ओढा नव्हताच, नाला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडे प्रचंड पाऊस झाला आणि 'नाला' घराघरांत शिरला. अरण्येश्वरजवळ भिंत कोसळून माणसं गेली. शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक बळी गेले. यात ना धरण फुटलं होतं, ना नदीला महापूर होता. एकसष्टचं पाणी पश्चिमेकडून नदीने आलं, हे दक्षिणेकडून डोंगरावरून उतरलं. एकसष्टच्या खुणेवर २०१९ मोजताच येत नाही.

मग सरकारी पूररेषा पाहावी? निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. पुण्यात मुठेसाठी हे आकडे ६०,००० आणि १,००,००० क्युसेकचे धरले आहेत. आणि २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून साधारण ३५,००० क्युसेक सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलंच! नदीत राडारोडा टाकत राहायचं आणि रेषा मात्र कागदावर तिथेच, मग दुसरं काय होणार.

शिवाय 'पंचवीस वर्षांतून एकदा' हा शब्दप्रयोगच फसवा आहे. एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षं निवांत, असं नाही. दर वर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के भरते. शंभर वर्षांवाल्याचीही १८ टक्के. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं.

अमेरिकेतल्या आमच्या नातलगांसाठी एक खुलासा: तुमच्याकडे घराच्या साध्या विम्यात सहसा पूर नसतो. खासगी कंपन्या त्यापासून लांब राहिल्या म्हणून १९६८ साली सरकारलाच वेगळी योजना काढावी लागली. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आहे, आणि तिच्यात आग, भूकंप यांच्याबरोबर पूरही धरलेला असतो. विमा बांधकामाच्या खर्चाचा असतो, जागेच्या बाजारभावाचा नाही. घरातल्या सामानाचं संरक्षण इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप मिळतं. दागिन्यांचं वेगळं घ्यावं लागतं. भिंतीत हळूहळू मुरणारी ओल त्यात येत नाही (म्हणजे आमच्या बाथरूमची भिंत गेली कामातून).

मी पॉलिसी घेतली. वर्षाचा हप्ता आमच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाहून कमी आला, तेव्हा दादाही गप्प बसला. दोघांनी मिळून एक रविवार घरातल्या वस्तूंचे फोटो काढण्यात घालवला. आईचं शिलाई मशीन धरावं की नाही यावर अर्धा तास वाद झाला, शेवटी धरलं.

राहिला सामाईक भाग. कंपाऊंडची भिंत, पाण्याचा पंप, लिफ्ट यांचा विमा सोसायटीने काढायचा. अरण्येश्वरनंतर मला त्या भिंतीचीच जास्त काळजी वाटते. वार्षिक सभेत विषय घ्यावा म्हणून पत्र दिलंय. सेक्रेटरी काका म्हणाले, घेऊ, पण पार्किंगचं मिटल्यावर.