इराणी खुर्चीची जोडी

केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला एका भंगारवाल्याकडे दोन खुर्च्या दिसल्या. गोल बैठक, कमानीसारखी पाठ, तिच्या आत दुसरी लहान कमान. इराणी हॉटेलात चहा प्यायला असाल तर डोळ्यांसमोर आलीच असेल. "जोडी फोडणार नाही, दादा," तो म्हणाला. दोन्ही घेतल्या. घरात जागा एकीपुरतीच, त्यामुळे ठेवायची कुठली हे ठरवणं आलं.

या खुर्चीचा मूळपुरुष मिखाएल थोनेट. ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, पुढे व्हिएन्नात गेला. त्याची 14 नंबरची खुर्ची 1859 सालची. बीच लाकडाचे दांडे वाफेवर मऊ करायचे, साच्यात वाकवायचे आणि तसेच वाळू द्यायचे. वाकवताना बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी बांधायची, नाहीतर लाकडाचे तंतू ताणून फाटतात. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. आज आपण खोक्यातून फळ्या काढून कपाट जोडतो, त्याची ही पणजी. 1930पर्यंत या एका नंबरच्या सुमारे 5 कोटी खुर्च्या खपल्या होत्या.

मुंबईच्या इराण्यांनीही असल्याच खुर्च्या मांडल्या. 1923 सालच्या ब्रिटानियातल्या खुर्च्या पोलंडच्या म्हणून सांगतात. थोनेटचे कारखाने मोराव्हियात होते, तसा एक आजच्या पोलंडमधल्या रादोम्स्कोलाही होता. शिवाय 1869मध्ये पेटंट संपलं आणि कोन कंपनीसारखे प्रतिस्पर्धी तसाच माल काढू लागले. म्हणजे थोनेटचं नाव नाही म्हणून खुर्ची नकली ठरत नाही.

खुर्ची उलटी करा, मोबाईलचा टॉर्च लावा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबल किंवा छाप असू शकतो. माझ्या एकीला तिथे नुसता चौकोनी डाग होता, दुसरीला तोही नाही. मग बघायच्या लाकडाच्या रेघा. वाकवलेल्या लाकडात रेघ वळणाबरोबर वळते. करवतीने कापलेल्या वळणात ती सरळ जाते आणि कडेला तुटते. डागवालीची पाठ आणि मागचे पाय मिळून एकच अखंड दांडा. दुसरीची कमान मात्र तीन तुकडे खाच पाडून जोडलेली, आणि लाकूड सागवान! कुणा सुताराने पहिली समोर ठेवूनच ती केली असणार. मापात सूतभर फरक नव्हता. हॉटेलातली एक मोडली असेल, तेवढ्यासाठी परदेशातून कोण मागवतो?

दुसऱ्या दिवशी अस्सल खुर्चीखाली फरशीवर पीठ पडलेलं. पायांना टाचणीएवढी भोकं. बीचला कीड लागते, जुन्या सागाच्या गाभ्याला सहसा नाही. "ही पोलंडची बाई आपली चौकट खाईल," आई म्हणाली. मिस्त्री म्हणाले, औषध मारू, भोकं बुजवू, पण पाय आतून पोकळ झालेत. बसायची हमी नाही.

पुण्यातल्या एकाने फोटोवरूनच ती मागितली. दोन्हींना मिळून दिले होते त्याहून जास्त देत होता. कीड लागली आहे हे सांगितलं, तरी हवीच म्हणाला. शोभेला ठेवणार होता. दिली. मला बसायला खुर्ची हवी होती. तरी टेम्पो गेल्यावर दोनतीन दिवस चुटपुट लागली. जोडी शेवटी मीच फोडली.

सागवानीची बैठक नव्याने वेताने विणून घेतली. पाठीच्या मधल्या तुकड्यावर रंध्याचा एक खोल ओरखडा आहे. तो घासू नका, वरून नुसतं पॉलिश करा, असं मिस्त्रींना सांगितलं. त्यांना ते अजून पटलेलं नाही.