फ्रोडो आणि सॅम

फ्रोडो आणि सॅम : जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (३ खंड, १९५४–५५) या अद्भुत कादंबरीतील दोन प्रमुख पात्रे. फ्रोडो बॅगिन्स हा शायर या प्रदेशातील खात्यापित्या घरचा हॉबिट (बुटक्या, मानवसदृश जमातीतला). सॅमवाइज गॅमजी त्याच्याकडचा माळी. विनाशकारी अंगठी मॉर्डॉर या शत्रूच्या प्रदेशातील ज्वालामुखीत टाकण्याच्या कामगिरीवर दोघे अखेरपर्यंत बरोबर राहतात. शोक आणि निखळ स्नेह यांचे इतके खोल चित्रण इंग्रजी अद्भुतकथेत क्वचितच आढळते.

पार्श्वभूमी : बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेत टोल्कीन, क्रिस्टोफर वाइझमन, रॉबर्ट गिल्सन व जेफ्री बाख स्मिथ यांचा ‘टी.सी.बी.एस.’ नावाचा मित्रमेळा होता. गिल्सन १ जुलै १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धातील सॉमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी मारला गेला. स्मिथ त्याच वर्षी ३ डिसेंबरला तोफगोळ्याच्या जखमांनी दगावला. टोल्कीन त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, खंदकज्वरामुळे आघाडीवरून मायदेशी परतले होते. स्मिथच्या कविता १९१८ मध्ये ‘अ स्प्रिंग हार्वेस्ट’ या नावाने निघाल्या. प्रस्तावना टोल्कीन यांची आहे. युद्धात पाहिलेले साधे शिपाई व अर्दली सॅममध्ये उतरल्याचे त्यांनी सांगितले. कादंबरी हे युद्धाचे रूपक असल्याचे मात्र नाकारले.

शोक : शेलॉब या महाकाय कोळ्याच्या दंशाने निपचित पडलेला फ्रोडो मेला, असे सॅम समजतो. तो त्याचे हात छातीवर ठेवतो, अंगाभोवती झगा लपेटतो, एका बाजूला स्वतःची तलवार व दुसऱ्या बाजूला वाटेत भेटलेल्या फारामिर या सेनानीने दिलेली काठी ठेवतो आणि अंगठी घेऊन एकटाच निघतो. मित्र जिवंत असल्याचे कळताच मागे फिरतो. अंगठी परत देतो. शेवटच्या चढणीवर फ्रोडोच्या अंगात त्राण उरत नाही, तेव्हा त्याला पाठुंगळी घेतो.

उपशम : कामगिरीवरून परतल्यावर, गॅलाड्रिएल या एल्फ राणीने दिलेल्या पेटीतील मातीचा एकेक कण सॅम शायरमधील नव्या रोपांच्या मुळाशी घालतो आणि दरम्यानच्या काळात उजाड झालेला मुलूख पुढच्या वसंतात बहरतो. फ्रोडो मात्र सावरत नाही. ६ ऑक्टोबरला प्रवासाच्या सुरुवातीस झालेली सुऱ्याची जुनी जखम आणि १३ मार्चला शेलॉबचा दंश पुन्हा उफाळतो. अखेर घर व या साऱ्या हकिकतीचे अपुरे हस्तलिखित सॅमच्या हवाली करून तो समुद्रापार जातो. मैत्रीने सारे दुखणे बरे होते, असा सोपा दिलासा टोल्कीन देत नाहीत. म्हणूनच दुःख सोसलेला वाचक या कादंबरीवर विश्वास ठेवतो.

नात्याचे स्वरूप : मालक-नोकर हा पैलू, तसेच समलिंगी आकर्षणाचा अर्थ, यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

चित्रपट : दिग्दर्शक पीटर जॅक्सन (२००१–०३); फ्रोडोच्या भूमिकेत एलायजा वुड, सॅमच्या भूमिकेत शॉन ॲस्टिन.

कादंबरीच्या परिशिष्टातील कालपटानुसार, फ्रोडो गेल्यावर ६१ वर्षांनी, पत्नी रोझच्या निधनानंतर, सॅमही त्याच वाटेने गेल्याची आख्यायिका आहे. परिशिष्टे बहुधा वाचायची राहून जातात. ही नोंद तरी वाचकाने चुकवू नये.