पोलाद पोचलं, पाणी राहिलं

१७९४ च्या सुमारास मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट या कंपनी सरकारच्या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना पोलादाचे काही नमुने पाठवले. सोबतच्या पत्रात लिहिलं की याला इथे 'वुट्झ' म्हणतात आणि माहितीतल्या कुठल्याही पोलादापेक्षा हे जास्त कडक होतं. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला. शीर्षकातच हे पोलाद मुंबईत बनतं असं ठोकून दिलंय! खरं तर ते मुशीत बनायचं आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तामिळनाडूत. मुंबई हे फक्त बंदर. 'वुट्झ' हे नावही बहुधा कन्नड 'उक्कु'वरून आलेलं.

गंमत पुढे आहे. ज्या पोलादाच्या तलवारींची एवढी ख्याती, तेच युरोपातल्या अनेक लोहारांच्या घणाखाली भुसभुशीत ढेकळासारखं फुटायचं. माल खराब होता का? नाही. त्यांना सवय होती साध्या लोखंडाची. ते पांढरंशुभ्र होईस्तोवर तापवा आणि ठोका, काही बिघडत नाही. वुट्झमध्ये कार्बन साधारण दीड टक्का. एवढा कार्बन असला की पोलाद लवकर वितळतं. पांढऱ्या उष्णतेला आतल्या कणांच्या सीमा वितळू लागतात आणि घण बसला की तुकडे.

जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या कारागिराला मात्र हे जमलं. बँक्स यांच्या सांगण्यावरून त्याने एका तुकड्याचा छोटा चाकू केला. तापमान किती ठेवलं? अंधारात जेमतेम लाल दिसेल इतकंच. काम कष्टाचं आणि वेळखाऊ, पण चाकू उत्तम झाला. पुढे तो आपल्या दुकानाच्या जाहिरातीत युरोपातल्या सर्वोत्तम पोलादापेक्षा वुट्झ पसंत असल्याचं अभिमानाने छापायचा. १८२० मध्ये त्याने मायकेल फॅरेडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोगही प्रसिद्ध केले. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा, हे विशेष.

कमी उष्णतेचा आणखी एक फायदा. जास्तीचा कार्बन लोखंडाशी मिळून एक कडक, ठिसूळ संयुग बनतं आणि ते कणांभोवती जाळ्यासारखं पसरतं. म्हणजे तडा जायला रेडीमेड रस्ता! लालसर उष्णतेला पुन्हा पुन्हा ठोकलं की हे जाळं मोडून त्याचे बारीक दाणे होतात. कडकपणा राहतो, रस्ता बंद होतो.

घडवून झालं तरी अर्धंच काम झालं. नंतर पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. त्याने पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळसुद्धा. म्हणून ते पुन्हा हलकंसं तापवायचं, ज्याला टेम्परिंग म्हणतात. घासलेल्या पात्यावर साधारण २२० अंश सेल्सिअसला गवती पिवळा रंग चढतो, तो वस्तऱ्याला बरा. ३०० च्या आसपास निळा, तो स्प्रिंगला. थर्मामीटर नसताना कारागीर हा रंग बघूनच थांबायचा. आकारही महत्त्वाचा. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे काटकोनी कोपरा ठेवला तर सगळा ताण तिथेच साठतो. कधी कधी पाणी देतानाच तडा जातो. तिथे गोलाई हवी.

आता बघा, यातलं त्या पार्सलमध्ये काय होतं? फक्त धातू. तो किती तापवायचा आणि कुठे थांबायचं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यापैकी एकाचंही नाव पिअर्सनच्या निबंधात नाही. डॉक्युमेंटेशनशिवाय बायनरी पाठवावी तसला प्रकार! आपल्याकडेही वुट्झचा विषय निघाला की 'आमचं पोलाद जगात भारी' इथेच गाडी थांबते. ते भारी होतंच. पण ज्यांच्या हातात हे ज्ञान होतं ते लोहार आपल्यालाही कुठे माहीत आहेत? आपल्या समाजाने त्यांचं लिहून ठेवलं नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धंदाच जवळजवळ संपला.

१९९० च्या दशकात अमेरिकेत जॉन व्हरहोव्हेन या प्राध्यापकाने तशी पाती पुन्हा बनवून दाखवली आणि व्हॅनेडियमसारख्या अगदी किंचित अशुद्धींचा त्यात मोठा वाटा असल्याचं मांडलं. त्यांचा जोडीदार कोण होता? आल्फ्रेड पेंड्रे, एक लोहार. या वेळी मात्र निबंधावर दोघांचीही नावं होती.