दप्तराबाहेरची रानभाजी

पेडण्याचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आपण प्रथम राजवटी सांगतो. उत्तरेस तेरेखोल व दक्षिणेस शापोरा या नद्यांमधला हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांकडे जाऊन नव्या काबिजादींत मोडू लागला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यासह मुक्त झाला. राजवटींचे लक्ष शेत व बागायतीच्या उत्पन्नावर. पडीक जमिनीवर आपोआप उगवणाऱ्या पाल्याची नोंद ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते.

वनस्पतींवर ग्रंथ झाले नाहीत असे नव्हे. गार्सिया द ओर्ता याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पुढे ‘होर्तुस मलबारिकुस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅमला निघाले, त्यासाठी रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट या कोकणी वैद्यांनी १६७५ मध्ये दिलेली साक्ष नागरी अक्षरांत आहे. परंतु या ग्रंथांची मुख्य दृष्टी औषधाची. गरिबाच्या चुलीवर काय शिजत होते, हे चुलीपाशीच विचारावे लागते.

आषाढ-श्रावणात कणगीतले भात तळाला जाई, नवे पीक अद्याप शेतात असे, आणि खवळलेल्या समुद्रामुळे मासळीही दुर्मिळ होई. नेमका तेव्हाच डोंगर हिरवा होई. पहिल्या सरीबरोबर येणारा टायकिळा, म्हणजे आपला टाकळा, कोवळा असतानाच खुडावयाचा आणि उन्हाळ्यात साठविलेल्या फणसाच्या आठळ्या व खोबरे घालून शिजवावयाचा. तेरे, म्हणजे रानअळू, घशाला खाजते. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून त्यात आंबाडे किंवा आमसूल घालून ते पुष्कळ वेळ शिजवितात. वाळवीच्या वारुळावर उगवणारे अळमे रुचकर खरे. परंतु सारखे दिसणारे दुसरे विषारी असू शकते, म्हणून ओळख पटल्याखेरीज त्याला हात लावावयाचा नाही. हे नियम कोणा एकाच्या बुद्धीतून निघालेले नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भुकेने व चुकांनी ते ठरविले आहेत.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला व तिकडून येणारा तांदूळ थांबला. अशा टंचाईत या ज्ञानाचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको.

आज उपासमारीचा तो धाक राहिलेला नाही, ही आनंदाचीच गोष्ट होय. मोपाच्या सड्यावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत. टायकिळा रस्त्याच्या कडेलाही तग धरील. अळम्याला मात्र वारूळ हवे, तेऱ्याला ओलावा हवा. पावसाळ्यात बाजारातल्या टोपलीत रानभाजी अजून मिळते. पण पैसे मोजून पाला मिळतो, तो ओळखणारी नजर मिळत नाही. ती नात आजीबरोबर डोंगर चढते तेव्हाच मिळते. हा क्रम एका पिढीत खुंटला, तर पुढच्या पिढीने शोधावयाला कोणतेही दप्तर मागे उरणार नाही.