विनामूल्य साधने आणि ग्रंथालये

ग्रंथालयांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे इमारती, देणगीदार आणि ग्रंथसंख्या यांचीच नोंद बहुधा होते. ग्रंथ वाचकाच्या हाती कोणत्या साधनाने पोहोचला, याचा विचार क्वचितच केला जातो. वस्तुतः ज्याची सूची हरवली आहे असे ग्रंथालय आणि ज्याला कुलूप पडले आहे असे ग्रंथालय, या दोहोंत वाचकाच्या दृष्टीने फारसे अंतर नसते. गेल्या पाव शतकात सूची करण्याची, ग्रंथ शोधण्याची आणि ते जतन करण्याची अनेक साधने महाजालावर विनामूल्य उपलब्ध झाली आहेत. महाराष्ट्राबाहेर विखुरलेल्या मराठी ग्रंथसंग्रहांपाशी पैसा थोडा आणि माणसे त्याहून थोडी. तेव्हा अशा साधनांचे महत्त्व त्यांना इतरांपेक्षा अधिक असावे, हे स्वाभाविक आहे. यास्तव या साधनांची कुळकथा तपासून ‘विनामूल्य’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे पाहावे असे आम्हांस वाटते.

या शब्दाची परीक्षा आपल्या देशात प्रथम झाली ती बडोद्यास. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सर्व संस्थानभर लागू केल्यावर, शिकलेली मुले पुढे वाचणार काय, हा प्रश्न सयाजीराव महाराजांपुढे उभा राहिला. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन केले आणि खेडोपाडी ग्रंथ पोहोचविण्यासाठी फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या सुरू केल्या. पेटीच्या वाहतुकीचा खर्चही संस्थानच सोसत असे. वाचकाला हे सारे विनामूल्य होते; परंतु गावाला ते तसे नव्हते. गावाने ग्रंथालयासाठी जितकी रक्कम जमवावी तितकीच सरकारने आणि तितकीच प्रांत पंचायतीने द्यावी, अशी त्रिविध योजना होती. स्वतःची पै जिने घातली नाही त्या वस्तीवर ग्रंथालय लादावयाचे नाही, हे तिचे मर्म होय.

पुढे १९३१ मध्ये शियाळी रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली आणि वाचकाच्या वेळेलाही मोल असते, हा विचार भारतीय ग्रंथपालांच्या मनावर बिंबविला. त्या काळी वेळ वाचविण्याचे साधन म्हणजे सूचिपत्र. साडेबारा सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद असे ते जाड कागदाचे पत्र जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या ग्रंथालयांचे चलन होऊन राहिले. १९०१ पासून वॉशिंग्टनचे काँग्रेसचे ग्रंथालय छापील पत्रे विकू लागले. १९६० नंतरच्या दशकात त्याच ग्रंथालयात हेन्रिएट ॲव्हरम यांनी सूचिपत्रातील मजकूर यंत्राला वाचता येईल अशा साच्यात बसविला. ‘मार्क’ या नावाने ओळखला जाणारा तो साचा आजही वापरात आहे. छापील पत्रांचा मोठा पुरवठा करणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकन संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी आपले शेवटचे पत्र छापले, तेव्हा एका युगाची समाप्ती झाली.

परंतु यंत्र आले म्हणजे स्वातंत्र्य आले असे नव्हे. संगणकावर ग्रंथालय चालविण्याच्या आज्ञावली कंपन्या विकत असत आणि त्यांचा वार्षिक आकार लहान ग्रंथालयांच्या आवाक्याबाहेरचा असे. ही कोंडी एका अगदी छोट्या ठिकाणी फुटली. न्यूझीलंडमधील लेविन या गावी होरोव्हेनुआ न्यासाचे सार्वजनिक ग्रंथालय होते. २००० साल उजाडताच आपली जुनी संगणकव्यवस्था निकामी होईल, ही चिंता त्याला पडली. नवी व्यवस्था विकत घेण्याऐवजी त्याने कटिपो नावाच्या संस्थेकडून स्वतःची आज्ञावली लिहवून घेतली. ३ जानेवारी २००० रोजी ती कामास लागली आणि त्याच वर्षी कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी अशा मुक्त परवान्याखाली ती जगास खुली करण्यात आली. तिचे नाव ‘कोहा’ असे ठेवले.

हा माओरी भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, परंतु जिच्यात परतफेडीची जाणीव अंतर्भूत आहे अशी भेट. आपल्याकडील आहेराशी तिचे नाते जुळावे. घेतलेला आहेर कोणी व्याजाने फेडीत नाही, पण तो विसरणाऱ्यास समाज नावे ठेवतो. कोहा आज निरनिराळ्या खंडांतील ग्रंथालये वापरतात. आपल्या देशातही केरळपासून दिल्लीपर्यंत तिचा प्रसार झाला आहे. ज्यांना जमले त्यांनी तिच्यात सुधारणा केल्या, भाषांतरे केली, दोष दाखविले. हीच ती परतफेड.

या भेटीवर एकदा गंडांतरही आले. परदेशातील एका कंपनीने ‘कोहा’ या नावावरच न्यूझीलंडमध्ये व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला आणि २०११ मध्ये त्या मागणीस प्राथमिक मान्यताही मिळाली. ज्या ग्रंथालयाने ते नाव ठेवले, त्यालाच त्याच्या रक्षणासाठी जगापुढे मदतीचा हात पसरावा लागला. डिसेंबर २०१३ मध्ये निर्णय कंपनीच्या विरुद्ध लागला. जे सर्वांचे असते ते राखण्याचे काम कोणाचेच नसते, अशी समजूत रूढ झाली की ते एखाद्याचे होण्यास वेळ लागत नाही, हा या प्रकरणाचा बोध आहे.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठी ग्रंथांच्या संगणकीय सूचीपुढे पहिला अडसर लिपीचा होता. अनेक ठिकाणी मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत नोंदविली गेली आणि ‘काळ’ व ‘काल’ एकाच रूपात दिसू लागले. काही ठिकाणी एखाद्या विशिष्ट टंकात देवनागरी नोंदी केल्या गेल्या; तो टंक नसलेल्या यंत्रावर त्या नोंदी म्हणजे निव्वळ चिन्हांची रास. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. तथापि तो संकेत नित्याच्या वापरात येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. आजही एक बारीक अडचण उरते. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे बसतो. मराठीचा अनुक्रम यंत्राला निराळा शिकवावा लागतो, आणि तो शिकवता येतो. परंतु ही उणीव ओळखण्यास मराठी जाणणारा ग्रंथपालच पाहिजे.

दुसरा प्रश्न जतनाचा. या शतकाच्या आरंभी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प उभा राहिला आणि जुन्या भारतीय ग्रंथांची, त्यांत मराठी ग्रंथांचीही, पाने प्रतिमारूपाने महाजालावर आली. नावांचे रोमन लेखन अशुद्ध, काही पाने वाकडी, काही गहाळ. तरीही दुर्मीळ पुस्तकासाठी दूरदेशी पत्रे लिहिणाऱ्या अभ्यासकाला तो ठेवाच वाटला. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. त्यातील पुष्कळसे ग्रंथ आज वाचावयास मिळतात ते, ते उतरवून घेऊन ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संस्थेत कोणी वेळीच ठेवले म्हणून. त्या संस्थेवरही ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला होऊन तिची सेवा काही दिवस खंडित झाली. त्याच्या एक वर्ष आधी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीसारख्या बलाढ्य ग्रंथालयाची सूची अशाच हल्ल्यामुळे महिनोन्महिने वाचकांना दुरावली होती. पोथीची नक्कल करून ती दुसऱ्या गावी ठेवण्याची आपल्या पूर्वजांची रीत भाबडी नव्हती.

मराठीत सूचिकार्याची परंपरा दरिद्री नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली. संगणकाचे नावही आपल्याकडे ठाऊक नव्हते त्या काळी आरंभिलेले ते काम आहे. मराठी ग्रंथधन महाराष्ट्रापुरते मर्यादित नाही, हेही सर्वश्रुत आहे. तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितेच तीन हजारांच्या घरात जातात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील संग्रहांत काय आहे, हे एकत्र पाहण्याची सोय असती तर किती संशोधकांचे श्रम वाचले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. विनामूल्य साधनांमुळे ती सोय आज शक्य कोटीत आली आहे.

मात्र शक्य होणे आणि होणे यांत माणूस उभा असतो. आज्ञावली फुकट मिळाली तरी यंत्र, वीज आणि ती चालविणारा जाणता मनुष्य फुकट मिळत नाही. एखादा उत्साही तरुण वर्षभर खपून नोंदी करतो, नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी जातो, परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो आणि सूची जागच्या जागी मरते; हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. म्हणून आमची सूचना साधी आहे. नोंदी युनिकोड देवनागरीत कराव्यात, त्या ‘मार्क’सारख्या सर्वमान्य साच्यात ठेवाव्यात, म्हणजे साधन बदलले तरी श्रम वाया जाणार नाहीत, त्यांची प्रत निदान दोन ठिकाणी असावी, आणि चालकमंडळाने या कामासाठी दरवर्षी अल्प का होईना, रक्कम राखून ठेवावी.

बडोद्याच्या त्रिविध योजनेत गावाचा वाटा आग्रहाने मागितला जात असे, तो पैशांच्या टंचाईमुळे नव्हे. ज्याने वाटा उचलला तो पेटी जपतो, हे त्या योजनेने ओळखले होते. जगाने आपल्यापुढे पेटी आणून ठेवली आहे. तिच्यात मराठी ग्रंथांच्या नोंदी भरण्याचे काम जग करणार नाही. तो वाटा आपला आहे.