नकाशातील रिकामी जागा : सापगावच्या वाटेवरून काही विचार

शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सापगाव येथे भातसा नदी ओलांडतो. येथून पश्चिमेस सोपारा, नैर्ऋत्येस कल्याण, ईशान्येस थळघाट व आग्नेयेस नाणेघाट. प्राचीन बंदरांना घाटमाथ्याशी जोडणाऱ्या दोन महामार्गांच्या मधोमध हा प्रदेश वसलेला आहे. तरीही बौद्ध अवशेषांच्या नकाशावर तो बव्हंशी रिकामाच दिसतो. ही पोकळी इतिहासाची की शोधाची, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

मार्गांविषयी शिलालेखांची साक्ष स्पष्ट आहे. नाणेघाटातील एक पाण्याची पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिली. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते वारंवार भेटतात. नाशिकच्या लेखात उषवदाताने सोपारा, गोवर्धन आदी ठिकाणी विश्रामगृहे बांधल्याची नोंद आहे. अर्थात या वाटांवरून व्यापारी, दाते व भिक्खू यांची ये-जा होती.

अशा वाटांचा मागोवा आता संगणकीय नकाशाप्रणालीने घेता येतो. २००० साली अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीने भूभागाची उंची उपलब्ध झाली. तिच्या आधारे चढउतार हिशेबात घेऊन कमीत कमी श्रमाची वाट काढता येते. एखाद्या लेण्यातून किती दरी दिसते, हेही मोजता येते. स्थळे एकवटलेली आहेत की विखुरलेली, याचे १९५४ साली क्लार्क व इव्हान्स यांनी मांडलेले सूत्र आहे : निकटतम स्थळांमधील सरासरी अंतराचे गुणोत्तर १ पेक्षा कमी असल्यास स्थळे एकवटलेली, अधिक असल्यास विखुरलेली समजावी.

परंतु येथेच सावधगिरी हवी. लेणी कातळ असेल तेथेच खोदली जातात. म्हणून त्यांचे एकवटणे ही संघाची निवड नसून कधी केवळ खडकाची देणगी असते. शिवाय कातळ टिकतो, वीट टिकत नाही. सोपाऱ्याचा स्तूप विटांचा होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले म्हणून तो इतिहासात आला. नदीकाठच्या गाळात विटांचा वा लाकडाचा विहार असलाच, तर तो नकाशावर कसा उमटणार? गणित केवळ नोंदलेल्या बिंदूंचेच होते.

सांचीच्या परिसरात १९९८ पासून ज्युलिया शॉ यांनी केलेले सर्वेक्षण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांनी केवळ स्तूप पाहिले नाहीत. सुमारे ७५० चौरस किलोमीटर प्रदेशातील वस्त्या, बंधारे व विहार यांचा परस्परसंबंध तपासला. त्यामुळे संघ आणि शेतकरी समाज यांचे नाते प्रकाशात आले. तेथे प्रथम पायपीट झाली, नकाशा नंतर.

भातसा व काळू नद्यांच्या खोऱ्यांतही हेच व्हावे. मुरबाड तालुक्यातील सोनावळे येथील लेणी आज गणपती गडद या नावाने ओळखली जातात; नाव आजचे, खोदकाम जुने. अशी स्थळे, शेतांची नावे, विटांचे ढिगारे आणि पाण्याची टाकी जागच्या जागी, काहीही न हलवता नोंदवावीत व पुरातत्त्व खात्यास कळवावीत.

मात्र पुरावा नसता दावा करू नये. ऐकीव गोष्ट परीक्षेविना स्वीकारू नये, हीच कालाम सुत्ताची शिकवण होय. रिकामी जागा म्हणजे नकार नव्हे आणि होकारही नव्हे. ते अद्याप न केलेल्या कामाचे स्मरण आहे.